विसाव्याचं वळण

१

किन्हवलीच्या स्टँडवरून माझी जीप साडेसातला सुटायची. सुटायची म्हणजे भरली की सुटायची. पुढे माझ्यासकट चौघं, मधल्या सीटवर पाच, मागे समोरासमोरच्या दोन बाकांवर दहा आणि मागच्या पायरीवर ज्याची त्याची हौस. शहापूरपर्यंतचा रस्ता आठ वर्षांत इतका पाठ झाला होता की कुठल्या दारात कोण तोंड धूत बसलेलं असेल तेही मी सांगितलं असतं. गाडी मी पळवायचो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कामावर खाडा पडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेली माणसं मागे असत, आणि 'चंदरची जीप म्हणजे टाइम' असं ती म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं.

किन्हवली सोडली की चार किलोमीटरवर आमचं गाव. गावापासून दीड किलोमीटरवर एक वळण आहे आणि वळणापुढे अर्ध्या किलोमीटरवर नदी. नदीकाठी आमचं स्मशान. तिरडी खांद्यावर घेऊन निघालं की वाटेत एकदा ती खाली टेकवायची, पुढच्यांनी मागे आणि मागच्यांनी पुढे व्हायचं आणि मग उठायचं. त्याला विसावा म्हणतात. आमच्या गावाचा विसावा त्या वळणावर होता, एका सपाट दगडापाशी. रस्ता रुंद केला तेव्हा तो दगड कुठे गेला हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत वाहतूक खात्याची माणसं आली आणि दगडाच्या नेमक्या जागी त्यांनी लोखंडी खांब रोवला. खांबावर पेटी, पेटीला काच. चाळीसच्या वर गाडी गेली की पेटी आपोआप मागून फोटो काढायची आणि आठवड्याभरात पोस्टाने फोटोसकट नोटीस घरी यायची. शहापूरकडे जाणाऱ्याच गाड्या धरायची, येणाऱ्या नाही. तिकडे हायवेवर गाड्या वाऱ्यासारख्या जातात ते सोडून आमच्या रस्त्यावर हे कशाला, तर म्हणे प्रयोग आहे.

२

महिन्याभरात त्या खांबानं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. दूधवाल्याला दोन नोटिसा आल्या. एका नवरदेवाला हळद उतरायच्या आत आली. कुणी काचेला शेण फासलं, कुणी वर गोणपाट टाकलं, खात्याची माणसं येऊन पुसून गेली. समोरून येणारे दिवे मिचकावून इशारा द्यायचे, जसा काही खांब आज जागा आहे आणि उद्या झोपणार आहे. ग्रामपंचायतीनं निवेदन दिलं, त्याची पोच मिळाली, बाकी काही मिळालं नाही.

माझ्यापुढे जीपचा नंबर लावणारा कमळू माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं एकदा गरोदर बाईला पळवत नेलं, तिचं सगळं नीट झालं, आणि पाचवीच्या पूजेच्या दिवशी नोटीस आली. तो स्टँडवर सगळ्यांना कागद दाखवत म्हणाला, "हवालदार असता तर गाडीत वाकून बघितलं तरी असतं. ह्या खांबाला काय सांगू मी?"

माझंही तेच म्हणणं होतं. पण मी शहाणपणा केला. लायसन गेलं तर घरात बसून काय करणार, शेत म्हणावं तर भाताचे दोन तुकडे. म्हणून पहिल्या दिवसापासून वळण आलं की मी पाय काढून घ्यायचो. तीस, फार तर पस्तीस. मागची माणसं चेष्टा करायची की चंदर आता वरातीला लागला. मी हसून सोडून द्यायचो.

तरी मला नोटीस आली. वेग चौसष्ट.

चुकली असेल म्हटलं. यंत्र आहे, एखाद्या वेळी चुकणारच. दुसऱ्या आठवड्यात दुसरी आली. चौसष्ट. मग तिसरी, चौसष्ट. स्टँडवरच्या बाकीच्या नोटिसा मी मागून मागून बघितल्या. कुणाची बावन्न, कुणाची अठ्ठेचाळीस, कुणाची एकाहत्तर. एकच आकडा पुन्हा पुन्हा कुणालाच नव्हता.

३

अक्षय माझा चुलतभाऊ, लडकूकाकांचा मुलगा. त्याची नवी मोटरसायकल होती. एका दुपारी त्याला बरोबर घेतलं. जीप रिकामी. तो माझ्या शेजारून चालला आणि त्याच्या काट्यावर वीस झाले की हात वर करायचा असं ठरलं. वळणाच्या बऱ्याच अलीकडे त्यानं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर आम्ही दोघंच. खांबाच्या पुढे गेलो आणि मागून लख्ख उजेड पडला.

त्या वेळी मला मागे आवाज ऐकू आला. पत्र्यावर लाकूड आपटावं तसा, ठक, आणि थोड्या वेळानं पुन्हा ठक. जॅकचा दांडा सैल झाला असेल म्हणून उतरून बघितलं. दांडा सीटखाली करकचून बांधलेला होता. मागे काहीच नव्हतं. अक्षय म्हणाला, गाडी जुनी झालीय, आणि ते खरंही होतं.

चौथी नोटीस आली. चौसष्ट. अक्षयला काही आलं नाही.

मग मी खाडा करून खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथे भाविक नावाचा तरुण क्लार्क होता, माणूस सभ्य. त्यानं चारही कागद बघितले, कॉम्प्युटरवर बघितलं, यंत्राची तपासणी नुकतीच झाल्याचं सांगितलं. पत्र्यावरून किरण परत फिरतात तेव्हा कधी कधी गडबड होते, असंही म्हणाला. मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं मला. पण मग वीसच्या जागी दर वेळी चौसष्टच का, असं विचारल्यावर तो कागद पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागला. पाचवी आली तर लायसन सहा महिने जमा होईल, तेवढं सांभाळा, एवढंच त्याच्या हातात होतं. परत येताना मी एस.टी.नं आलो. वळणावर डोळे मिटून घेतले, का ते माहीत नाही.

४

आईला अक्षर येत नाही. बाईजा नाव सांगते आणि अंगठा देते. त्यामुळे मी चारही कागद ओट्यावर पसरून आकड्यांकडे बघत बसलो होतो तेव्हा ती फोटो बघत होती. आम्ही शिकलेली माणसं आकडा वाचून मोकळे झालो होतो. फोटोत नंबर प्लेट सोडून कुणी काही बघितलंच नव्हतं.

"हे सगळे पाय वर घेऊन का बसलेत रे?" आई म्हणाली.

मी बघितलं. फोटो काळापांढरा, मागून घेतलेला. जीपची मागची बाजू उघडी, पायरीवर कुणी नाही, त्यामुळे दोन्ही बाक सरळ दिसत होते. दहाच्या दहा माणसं पाय बाकावर ओढून, गुडघे छातीशी घेऊन बसली होती. पिशव्या मांडीवर, पाट्या मांडीवर. जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसते इतकं सामान खाली असतं. इथे दोन बाकांच्या मधली जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती. दुसऱ्या फोटोत तसंच. तिसऱ्यातही तसंच, माणसं मात्र वेगळी. चौथ्यात कुणीच नव्हतं, रिकामी गाडी. त्यातही मधली जागा बाकीच्या गाडीपेक्षा काळी दिसत होती. सावली असेल.

तिसऱ्या फोटोत कडेला सकुबाई होती, रोज शहापूरला भाजी नेणारी. दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली.

"मी कशाला पाय वर घेऊ? गुडघे वाकतात का माझे?"

वाकत नव्हते. दोन माणसांनी धरून तिला गाडीत चढवावं लागायचं. मी कागद खिशात घातला. ती मग आपणहून म्हणाली की त्या वळणावर हल्ली तिला मळमळतं. इतकी वर्षं गाडी लागली नाही कधी, आता तिथे आलं की पोटात ढवळतं, नदी ओलांडली की बरं वाटतं. तिच्या शेजारच्या दोघी म्हणाल्या की आमचंही तसंच आहे.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, आणि तिनं सूप बाजूला ठेवलं.

गाडी लागायची ती माझ्या बाबांना.

५

बाबा, नामा त्यांचं नाव, गाडीत बसायचेच नाहीत. एस.टी. नाही, जीप नाही, लग्नाची बस तर नाहीच. पेट्रोलचा वास आला की त्यांच्या पोटात ढवळायचं. शहापूरला जायचं तर पहाटे उठून चालत. मी जीप घेतली तेव्हा साऱ्या गावाला फेरी मारून आणली, ते मात्र अंगणात उभे राहून बोनेटवरून हात फिरवत राहिले. रस्त्यात दिसले की मी हॉर्न द्यायचो. ते मागे न बघता काठी उंच करायचे आणि आपल्याच चालीनं चालत राहायचे. त्यांच्या चालीची मला लाज वाटायची कधी कधी. आज सांगायला काही वाटत नाही.

दोन हजार पाचच्या मार्गशीर्षात शहापूरच्या दवाखान्यात ते गेले. कागदपत्रं होऊन घरी आणेपर्यंत दुपार कलली. अंघोळ घातली, तिरडी बांधली, तोवर ऊन डोंगराला टेकलं. लडकूकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, म्हणाले की खांद्यावरूनच नेऊ, कंदील घेऊ. मी म्हटलं जीप आहे ना. तिरडी दोन बाकांच्या मधे ठेवली. माणसं बाकांवर बसली. मेलेल्या माणसाला पाय लागू नये म्हणून सगळ्यांनी पाय वर घेतले.

मी गाडी काढली. रस्त्याला खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला मागे तिरडीचा बांबू पत्र्यावर आपटत होता. ठक. मी पाय दाबला. पुन्हा ठक. वळण आलं तेव्हा शेजारी बसलेले काका म्हणाले, "थांब रे. विसावा."

मी म्हणालो, "गाडीतनं नेतोय काका. कुणाचे खांदे दुखतायत?"

काटा साठच्या पुढे थोडा होता, तेवढं मी बघितलं होतं. अंधाराचं कारण मी सगळ्यांना सांगितलं, पण अंधार पडायला वेळ होता. मला तो आवाज सहन होत नव्हता. एकदाचं सगळं संपावं असं मला झालं होतं. ज्या माणसाला मी जन्मात एकदाही गाडीत बसवू शकलो नाही, त्याला त्या दिवशी मी असा नेला.

६

"विसावा द्यायचा राहिलाय त्यांचा," आई म्हणाली. त्याच संध्याकाळी ती काकांकडे जाऊन आली.

रविवारी काकांनी दोन लांब बांबू घेऊन त्यांना आडव्या काठ्या बांधल्या. कुणी विचारलं तर माळ्यावर चढायला शिडी करतोय म्हणत. बाबा गेले त्या दिवशी ज्या चौघांनी तिरडी जीपमध्ये चढवली होती तेच चौघं निघालो, काका, कमळू, अक्षय आणि मी. कमळूला मी सगळं सांगितलं तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त कधी निघायचं ते विचारलं.

शिडी दोन बाकांच्या मधे ठेवली. आम्ही चौघं पुढे दाटीवाटीनं बसलो. आई मागे एकटी. दुपारचे बारा वाजले असतील. मी दहाच्या वर गाडी जाऊ दिली नाही. मनात मी स्वतःला समजावत होतो की आईच्या समाधानासाठी हे करतोय, एवढं झालं की संपलं. वळणाच्या अलीकडे आरशात बघितलं. आईनं पाय वर घेतले होते. ती खाली वाकून शिडीवर हात फिरवत होती, अंगावरची चादर सरकली की ती नीट करावी तशी, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग तिनं हात एका जागी ठेवला आणि तिथेच राहू दिला.

तिच्या हाताखाली काय होतं ते आरशाच्या कडेला होतं. मान थोडी वळवली असती तर दिसलं असतं. मी आरशातून नजर काढून घेतली.

खांबाच्या अलीकडे गाडी उभी केली, बंद केली. आम्ही मागे गेलो. आई खाली उतरली, बाजूला झाली आणि म्हणाली, "उचला."

चौघांनी हात घातले. दोन बांबूंची शिडी, अक्षयनं एकट्यानं अंगणातून आणून गाडीत टाकली होती. ती हलेना. अक्षयनं माझ्याकडे बघितलं, त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. काका हलक्या आवाजात म्हणाले, "बघू नको. उचल." आम्ही पुन्हा जोर केला, शिडी बाहेर आली आणि खांद्यांवर बसली. बांबू मधे वाकला. नेमक्या त्या वेळी खांबावरची पेटी लख्खकन उजळली. गाडी बंद, रस्ता रिकामा, आम्ही चौघं जागच्या जागी उभे. त्या उजेडाचा कागद मला कधी आला नाही, आणि माझं लायसन राहिलं. पण ते मागाहून.

आम्ही शिडी खांबाच्या बुडाशी टेकवली. आई शेजारी मांडी घालून बसली. तांब्यातलं पाणी तिनं जमिनीवर सोडलं. ती त्यांच्याशी बोलत होती, आम्हाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. वैशाख जवळ आला होता, डांबर मऊ झालं होतं, आणि ती घरच्या ओट्यावर बसावी तशी बसली होती. मागे एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला, आमच्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला.

बऱ्याच वेळानं ती उठली. "आता न्या," म्हणाली. "हळू न्या. त्यांना घाई कधी नव्हती."

७

आम्ही जागा बदलल्या. मागचे पुढे झाले. मी पुढे, उजव्या खांद्यावर. अर्धा किलोमीटर रस्ता मी आठ वर्षांत कधी पायी चाललो नव्हतो. त्याला इतका चढ आहे, कडेला इतकी करवंदं आहेत, हे मला माहीत नव्हतं. खांदा भरून आला होता. वजन मेलेल्यासारखं नव्हतं. पावलागणिक ते थोडं हलत होतं, पाठुंगळीला घेतलेलं माणूस आपल्या चालीशी जुळवून घेतं तसं. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर तेवढंच बरंही वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खांद्यावर घेऊन चालत होतो.

मागे आईच्या चपलांचा आवाज येत होता. टेम्पो आमच्या मागून आमच्याच वेगानं येत होता.

नदीचा उतार सुरू झाला आणि भार कमी व्हायला लागला. आधी वाटलं बांबू सरकला. मग मागे काकांचा श्वास मोकळा झालेला ऐकू आला. दर दहा पावलांनी थोडं, मग आणखी थोडं. एवढ्याचसाठी तर आम्ही आलो होतो. माझी गाडी सुटणार होती, माझं वळण मोकळं होणार होतं. समोर स्मशानाचा पत्रा दिसत होता, दोनशे पावलं असतील नसतील, आणि खांद्यावर आता ओल्या गोधडीएवढंच काहीतरी उरलं होतं.

मी पावलं लहान केली.

"चंदर, चल ना रे," मागून कमळू म्हणाला.

मी आणखी लहान केली.